गुणोत्तर जुळलं, पण जनुक सापडेना: मुगाचा भुंगेरा, सोयाबीनचा चक्रीभुंगा आणि एका ट्रेची गोष्ट

प्रश्न विचारणारी मुलगी इथेच इंदुरात वनस्पती प्रजननात एमएस्सी करते आहे. तिने टीसी १९६६ या रानटी मुगाच्या वंशातली एक भुंगेरा-प्रतिकारक ओळ आणि आपल्याकडचा नेहमीचा मूग यांचा संकर केला आणि दुसऱ्या पिढीची, म्हणजे एफ-२ ची, ९२ झाडं वाढवली. प्रत्येक झाडाचे २० दाणे एकेका कागदी वाटीत घातले, सगळ्या वाट्या एका मोठ्या ट्रेमध्ये मांडल्या, वर दोनशे भुंगेरे, म्हणजे साठवलेले दाणे पोखरणारे किडे, सोडून जाळी लावली आणि ६० दिवसांनी भोकं मोजली. निम्म्याहून कमी दाणे किडले तर झाड प्रतिकारक, नाहीतर बळी पडणारं. आकडे आले ६४ आणि २८. एकाच प्रभावी जनुकाचं ३:१ चं गुणोत्तर छान बसलं. मग ४८ मार्कर, म्हणजे गुणसूत्रांवरच्या माहीत असलेल्या जागांच्या डीएनए-खुणा, लावून नकाशा काढला तर पाचव्या गुणसूत्रावर एलओडी (जवळ जनुक असल्याच्या पुराव्याचा आकडा) ३.१ आणि नवव्यावर २.७. आता तिला विचारायचं आहे की दोन जनुकं म्हणायची का, गाइड म्हणतात तसं हीच पद्धत सोयाबीनच्या चक्रीभुंग्याला लावून एका खरिपात दुसरा पेपर उरकावा का, आणि एवढं करून शेतकऱ्याच्या हातात नक्की काय पडतं.

अगं, आधी ते नववं गुणसूत्र बाजूला ठेव. मला काळजी पाचव्याची वाटते. तिथला आकडा फार लहान आहे.

तू ३.१ बघून खूश झालीस, कारण पुस्तकात ३ ची रेघ आखलेली असते. एलओडी ३ म्हणजे काय? मार्कर आणि जनुक जवळ आहेत असं धरलं तर तुझी आकडेवारी दिसण्याची शक्यता, ते जवळ नाहीत असं धरण्याच्या हजारपट. ठीक. पण टीसी १९६६ चा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाचा आहे, हे आता जुनं झालं. नेव्हिन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच त्या जनुकाची जागा मार्करनी दाखवली होती. असं एकच जनुक, आणि त्याला चिकटून मार्कर असेल तर तुझ्या ९२ झाडांवर एलओडी किती यायला हवं? मी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब केला. प्रत्येक प्रतिकारक झाड ०.१२५ ची भर घालतं, प्रत्येक बळी पडणारं झाड ०.६ ची. ६४ चे झाले ८, २८ चे जवळजवळ १७. म्हणजे २५ च्या घरात.

तू म्हणशील, माझा मार्कर चिकटून नाही. मान्य. अकरा गुणसूत्रांवर ४८ मार्कर म्हणजे एका गुणसूत्राला चार-साडेचार. समजा जवळचा मार्कर २० सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं माप) लांब पडला. तरी आकडा सातच्या आसपास राहतो. तुझा ३.१ आला. याचा अर्थ बरीचशी झाडं चुकीच्या खणात पडलेली आहेत, काही इकडची तिकडे आणि काही तिकडची इकडे. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना भरून काढतात, म्हणून गुणोत्तर देखणं दिसतं. गुणोत्तर जुळतं का हे सांगणारी काय-वर्ग चाचणी फक्त संख्या मोजते. कुठलं झाड कुठे बसलं हे तिला दिसत नाही, नकाशाला मात्र तेच लागतं. प्रयोगशाळेतल्या मुलांचा ओढा डीएनएकडे असतो, आणि कीटकाचं काम कुणाला तरी सांगून होतं. तीस वर्षं मी याच्या उलट भांडत आले. आता डीएनएचं काम पैसे मोजून बाहेरूनही करून मिळतं. भुंगेरा मात्र स्वतःच बघावा लागतो.

तर आता तुझा ट्रे बघू.

दोनशे भुंगेरे एकत्र सोडलेस म्हणजे मादीला निवड दिलीस. ही चाचणी वेगळ्या गोष्टीची आहे. रेजिनाल्ड पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले, तेच अजून चालतात. एक, किडीला झाडच आवडत नाही, ती दुसरीकडे जाते. दोन, कीड खाते पण तिची वाढ खुंटते किंवा ती मरते. तीन, कीड खाते, वाढते, तरी झाड तग धरतं. टीसी १९६६ चा प्रतिकार दुसऱ्या प्रकारातला आहे. मादी त्या दाण्यावर बिनदिक्कत अंडी घालते, अळी आत शिरते आणि पहिल्याच अवस्थेत मरते. तू मात्र ट्रे असा मांडलास की पहिला प्रकारही त्यात मिसळला. कडेच्या वाट्यांत अंडी कमी पडली असतील. मोठ्या, गुळगुळीत दाण्यांवर जास्त पडली असतील, बारक्या खरबरीत दाण्यांवर कमी. एखाद्या अगदी बळी पडणाऱ्या झाडाच्या वाटीत अंडीच नाहीत, भोकं नाहीत, आणि तू त्याला प्रतिकारक म्हणून मोकळी झालीस. अंडी मोजली होतीस का? प्रश्नात अंड्यांचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते.

नवव्या गुणसूत्राचा मला संशय येतो तो इथे. तुझ्याकडे प्रत्येक झाडाच्या शंभर दाण्यांचं वजन असेलच. तेही नकाशावर टाकून बघ. शिखर तिथेच आलं तर तुझं दुसरं जनुक भुंगेऱ्याचं नाही, दाण्याच्या आकाराचं आहे. नाही आलं तर हजार वेळा आकडे पिसून आपल्या स्वतःच्या आकडेवारीची मर्यादा काढ, २.७ बहुधा त्या रेषेखालीच राहील. गंमत म्हणजे अशा तऱ्हेचा अभ्यास सुरूच झाला तो एका कडधान्यावर. १९२३ मध्ये कार्ल सॅक्स यांनी घेवड्याच्या दाण्याचा रंग आणि वजन एकत्र वारशाने जातात हे दाखवलं. वजनासारख्या मोजायच्या गुणाला एका खुणेशी बांधायचा तो पहिला प्रयत्न. म्हणजे दाण्याचं वजन आपल्या मागे शंभर वर्षं लागलेलं आहे, तेव्हा ते विसरू नकोस.

दुसरी चूक जरा नाजूक आहे आणि ती चांगल्या चांगल्यांकडून होते. तू एफ-२ झाड तपासतेस असं लिहिलंस, पण भुंगेरा झाड खात नाही, दाणा खातो. एफ-२ झाडावरचा दाणा म्हणजे एफ-३. साल आईची, आतली डाळिंबी पुढच्या पिढीची. झाड जर मिश्र असेल, एक प्रतिकारक आणि एक साधं रूप घेऊन, तर त्याच्या दाण्यांत तीन वाचणारे आणि एक किडणारा, असं वाटप होतं. म्हणजे २० दाण्यांत सरासरी ५ किडणार. शुद्ध प्रतिकारक झाडात ० आणि शुद्ध बळी पडणाऱ्यात जवळजवळ सगळे. खरं तर तुझ्या हातात ३:१ नाही, १:२:१ होतं, २३ : ४६ : २३. निम्म्याची रेघ मारून तू मधला वर्ग पुसून टाकलास, आणि नकाशासाठी सगळ्यात कामाची माहिती तिथेच असते.

हे तीन वर्ग वेगळे करायला दाणे किती लागतात? मिश्र झाडाचा प्रत्येक दाणा वाचण्याची शक्यता पाऊण. अकरा दाणे घेतलेस तर सगळेच्या सगळे वाचून झाड शुद्ध प्रतिकारक भासण्याची शक्यता शेकडा चारच्या जवळ येते, सतरा घेतलेस तर शेकडा एकच्या खाली. त्यामुळे ज्यांच्यावर खरोखर अंडी पडली आणि फुटली असे वीस दाणे प्रत्येक झाडामागे पुरे आहेत. तुझे वीस होते, पण त्यांतल्या किती दाण्यांवर अंडी होती हे माहीत नाही.

अंडं कसं बघायचं ते सांगते, कारण हे वाचून येत नाही. दाणा काळ्या कागदावर घे, दहापट भिंग लाव. ताजं अंडं दाण्याला चिकटलेल्या पारदर्शक थेंबासारखं दिसतं, उजेड तिरपा पडला तर चमकतं. चार-सहा दिवसांत अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, बाहेर येतच नाही. शिरताना ती मागे भुसा ढकलते, आणि त्या भुशाने रिकामं टरफल भरून पांढरं, अपारदर्शक होतं. पांढरा ठिपका म्हणजे अळी आत गेली. पारदर्शकच राहिलेला म्हणजे अंडं वांझ किंवा मेलेलं, त्याचा दाण्याच्या प्रतिकाराशी काही संबंध नाही. एका दाण्यावर पाच-सात अंडी असतील तर दोन ठेवून बाकीची सुईने खरवडून टाक, नाहीतर आत गर्दी होऊन अळ्या एकमेकींमुळे मरतात आणि श्रेय मुगाला जातं. पहिल्या दिवशी तुला तासाला तीस दाणेसुद्धा होणार नाहीत. आठवड्याने हात बसतो.

आमच्या आजीला हे भिंगाशिवाय कळायचं. ती मूग सुपात घेऊन पांढरे ठिपके दिसले की म्हणायची, "टोकायला लागलेत," आणि एरंडेलाचा हात फिरवून ठेवायची. तेलाच्या पापुद्र्याखाली अंडं गुदमरतं. राखेत ठेवलेले वालही टिकत. आता घरोघरी मूग फ्रिजमध्ये ठेवतात, तेही चालतं.

६० दिवसांचं म्हणशील तर ते फार झालं. साधारण २८ ते ३० अंश तापमानात भुंगेऱ्याची एक पिढी महिन्याभरात उरकते. ६० दिवसांत दुसरी पिढी निघाली, तिने उरलेल्या दाण्यांवर अंडी घातली, आणि तुझ्या ट्रेमध्ये एका वाटीतले भुंगेरे शेजारच्या वाटीत चालत गेले. मग मोजलंस काय? तर शेजार. विसाव्या दिवसापासून रोज बघायचं, निघेल तो भुंगेरा मोजून काढून टाकायचा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत बंद करायचं. किती निघाले आणि किती दिवसांनी निघाले या दोन्ही नोंदी ठेव. दाणा किडीला किती बळी पडतो हे मोजणारा डोबी यांचा निर्देशांक त्यावरच चालतो, निघालेल्या भुंगेऱ्यांच्या संख्येचा लॉग भागिले मधला कालावधी, गुणिले शंभर. पण तुझ्या मिश्र झाडांना तो निर्देशांक गोंधळात टाकेल, कारण एकाच कुपीत दोन जातींचे दाणे आहेत. तुला दाण्यागणिक हो-नाही हेच पुरे.

आता माझं एक जुनं दुखणं. एका केंद्रात असताना आम्ही १८० ओळींचे दाणे कुप्यांत घालून कपाटात ठेवले होते. गणपतीच्या सुट्ट्या आल्या. परत येऊन बघितलं तर एकाही कुपीत भुंगेरा नाही. माझ्या हाताखालचा मुलगा आनंदाने नाचायचाच बाकी होता, १८० पैकी १८० प्रतिकारक! मी पहिल्यांदा तुल्य वाणाची कुपी उचलली, जो मूग वाटेल तेव्हा किडतो त्याची. तीही स्वच्छ. मग चौकशी केली. भिंतीपलीकडच्या गोदामात सुट्टी बघून कुणीतरी धुरी देणाऱ्या गोळ्या ठेवल्या होत्या, दाराखालच्या फटीतून वायू आत आला होता. अख्खं वर्ष पाण्यात. पण तुल्य वाण नसता तर ते वर्ष छापील कागदावर गेलं असतं. तुझ्या ट्रेमध्ये आई-बाप दोघं होते का? एकदा नव्हे, ट्रेच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये?

तेव्हा ९२ झाडं फेकू नकोस. प्रत्येकाचे एफ-३ दाणे शिल्लक असतीलच. प्रत्येकाचे ३० दाणे घे, दहा-दहाच्या तीन बंद कुप्या कर, तीन वेगवेगळ्या दिवशी लाव. प्रत्येक कुपीत दोन-तीन जोड्या, तीन दिवसांनी भुंगेरे काढ, अंडी मोज. मादीला दुसरीकडे जायची सोयच ठेवू नको. आई-बाप प्रत्येक खेपेला सोबत. मग झाडं तीन वर्गांत टाक आणि तोच मार्कर-संच पुन्हा चालव. पाचव्या गुणसूत्रावर आणखी चार-पाच मार्कर मिळव, ते अवघड नाही, मुगाचा जीनोम २०१४ मध्ये वाचून झाला आहे. त्या भागात पेक्टिन फोडणाऱ्या एंझाइमला अडवणारी प्रथिनं बनवणारी दोन जनुकं शेजारी शेजारी आहेत. थायलंडच्या गटाने व्ही २८०२ आणि व्ही २७०९ या लागवडीखालच्या ओळींवर काम करून ती पुढे आणली. तुझा दाता रानटी वंशातला, त्याच्या दाण्यात शिवाय विग्नॅटिक आम्लं नावाची संयुगं सापडलेली आहेत, ती त्याच जागेच्या जवळून वारशाने येतात. म्हणजे भुंगेऱ्याला नक्की कोण मारतं हा वाद तुझ्या ओळीत रंगू शकतो. माझं मत विचारशील तर एमएस्सीत त्या वादात पडू नकोस. जागा पक्की कर. तेवढं स्वच्छ झालं तरी प्रबंध उभा राहतो.

आता सोयाबीन. तुझ्या गाइडबद्दल आदर ठेवून सांगते, एफ-२ वर, शेतात, एका खरिपात चक्रीभुंग्याचा नकाशा निघत नाही. निघालाच तर तो चक्रीभुंग्याचा नसतो.

माळव्यात राहून चक्रीभुंगा कुणाला दाखवायची गरज नाही. मादी देठावर किंवा खोडावर दोन समांतर चक्रं कापते, त्यांच्यामध्ये अंडं घालते, वरचा भाग कोमेजून लटकतो. अळी आतून पोखरत खाली जाते आणि पीक पक्व होताना झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडून पडतं. १९८७ पासून सोयाबीनचं राष्ट्रीय पातळीवरचं संशोधन इथे खंडवा रोडला चालतं, त्याचं एक कारण म्हणजे आपली काळी माती आणि तिच्यावर सत्तरीच्या दशकापासून पसरत गेलेलं हे पीक. तिथल्या पहिल्या वाणांना अहिल्या १, २, ३, ४ अशी नावं दिली, ते वाचून आम्हा इंदूरच्या मराठी बायकांना कोण आनंद झाला होता. पण विषय तो नाही.

अडचण अशी. एफ-२ चं झाड जगात एकच असतं. त्यावर चक्र दिसलं नाही तर ते प्रतिकारक होतं की भुंगा त्या ओळीपर्यंत पोचलाच नाही? तुला कधीच कळणार नाही, कारण ते झाड पुन्हा लावता येत नाही. खोडमाशीचं तर आणखी कठीण. वरून झाड टवटवीत, आणि खोड उभं चिरलं की आत लालसर नागमोडी बोगदा. त्या बोगद्याची लांबी खोडाच्या लांबीशी ताडून मोजायची तर झाड चिरावंच लागतं. बरं, हे दोन्ही कीटक पावसाच्या वेळेवर, पेरणीच्या तारखेवर, शेजारच्या शेतातल्या फवाऱ्यावर नाचतात. लवकर फुलणारी, लवकर पक्व होणारी ओळ निसटून जाते. मग तू नकाशा काढतेस, शिखर येतं, आणि ते पक्वतेच्या जनुकावर बसलेलं असतं. मी परीक्षक म्हणून असा प्रबंध वाचलेला आहे. मुलाला तोंडी परीक्षेत एवढंच विचारलं की फुलोऱ्याचे दिवस नोंदवले होतेस का. तो गप्प. पास केलं त्याला, पण घरी येताना वाईट वाटलं.

हे काम करायचंच तर एकेका दाण्यातून पिढ्या पुढे नेत सहाव्या-सातव्या पिढीच्या स्थिर ओळी तयार कर. मग एकच ओळ तीन जागी, तीन वर्षं, हव्या तितक्या वेळा पेरता येते. दीडशे-दोनशे ओळी तरी हव्यात. लहान समूहात जनुकाचा परिणाम फुगून दिसतो, विल्यम बीव्हिस यांनी १९९४ मध्ये संगणकावर हे दाखवलं, आणि शंभर झाडांच्या नकाशांतले शेकडा चाळीस-पन्नासचे दावे वाचताना मला त्यांची आठवण येते. तुझ्याकडे एमएस्सीला एवढा वेळ नाही, हे उघड आहे. मुगाच्या ओळी मात्र होतील. मूग साठ-सत्तर दिवसांचा, उन्हाळी आणि खरीप मिळून वर्षात दोन पिढ्या सहज निघतात. पीएचडीला पुढे जायचा विचार असेल तर आजच एफ-२ पासून सुरुवात कर.

सोयाबीनमध्ये पानं खाणाऱ्या अळ्यांवर मात्र काम करता येतं, कारण ती कीड तुझ्या हातात असते. प्लास्टिकचा कप, तळाला अगर, त्यात देठासकट पान खोचलेलं, वर दहा नवजात अळ्या, पाचव्या दिवशी त्यांचं वजन. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेत हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी ही पद्धत बसवली गेली. पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीलाही चालते. मी अळीचं वजन खराब झालेल्या पानापेक्षा जास्त मानते. पानाचं नुकसान डोळ्याने अंदाजाने लिहितात आणि दुपारी तीननंतर सगळ्यांचेच अंदाज उदार होतात.

हरभऱ्यावरून आठवलं. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलं की धोतराचा काठ आंबट व्हायचा. आजोबा रात्री धुतलेलं फडकं हरभऱ्यावर अंथरायला सांगत, सकाळी ते दवासकट पिळून आंब बाटलीत भरत, पोटदुखीवर औषध म्हणून. ती आंब म्हणजे पानांवरच्या केसांतून झरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ मंदावते हे १९९५ च्या सुमारास इक्रिसॅटमध्ये दाखवलं गेलं. तेव्हा मोह होतो की अळ्यांचा व्याप कशाला, आम्लच मोजू आणि आम्लाचाच नकाशा काढू. काढ, हरकत नाही. पण शीर्षकात "घाटेअळी-प्रतिकार" लिहू नको. आम्लाचा नकाशा हा आम्लाचा नकाशा. अळीने त्यावर सही केलेली नाही.

उरला तिसरा प्रश्न, शेतकऱ्याच्या हातात काय. इथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही.

जपानहून आलेल्या सोयाबीनच्या तीन ओळी, पीआय १७१४५१, पीआय २२७६८७ आणि पीआय २२९३५८ (हे अमेरिकेतल्या बियाणे-संग्रहाचे नोंदणी क्रमांक), पानं खाणाऱ्या किडींना दाद देत नाहीत हे अमेरिकेत १९७१ मध्ये छापून आलं. त्यांच्यापासून क्रॉकेट, लॅमारसारखे वाण निघाले, पण ते कुठे पसरले नाहीत, उत्पादन मागे पडत होतं. नव्वदीच्या शेवटी जॉर्जियात नकाशे झाले. सातव्या गुणसूत्रावर एक मोठी जागा, तिला क्यूटीएल-एम म्हणतात, बाराव्यावर एच, अठराव्यावर जी. मग २००१ मध्ये त्याच मंडळींनी मार्कर लावून मागे वळून बघितलं की एवढ्या वर्षांत पैदासकारांनी डोळ्याने निवडून नक्की काय उचललं होतं. बहुतेकांनी एम उचललेलं निघालं. एच आणि जी वाटेत बहुतांशी गळून गेले. आणि ज्या जागा हव्या होत्या त्यांच्या आजूबाजूचा नको असलेला गाळ मात्र सोबत येत होता. पुढे असंही दिसलं की एम नसेल तर जी आणि एच यांचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे तू फक्त जी असलेली ओळ घेऊन शेतात गेलीस तर म्हणशील, हे जनुक खोटं आहे. ते खोटं नाही, एकटं आहे.

मार्करचा उपयोग मला इथे दिसतो. नवा प्रतिकार तो निर्माण करत नाही. जे उचललं ते खरंच आलं का आणि नको ते किती आलं, हे मात्र तो दाण्याची चिप कापून सांगतो, तेही भुंगेरा न पाळता, दर पिढीला. मुगात हे सोयाबीनपेक्षा कितीतरी सोपं आहे. एक जनुक, एक जागा, पाच-सहा उलट-संकर (नेहमीच्या मुगाशी पुन्हा पुन्हा केलेले संकर), आणि छावनीच्या मंडीत ज्या रंगाचा, ज्या आकाराचा मूग चालतो तसाच मूग, फक्त पावसाळ्यात पोत्यात टिकणारा. रानटी बापाच्या फुटणाऱ्या शेंगा आणि काळपट बारीक दाणे मागे टाकायला दोन्ही बाजूंचे मार्कर लागतील, म्हणून मी पाचव्या गुणसूत्रावर जास्त मार्कर मागते आहे. आणि दाण्यातच राहणारं, भुंगेऱ्याला मारणारं काही असेल तर ते आपल्याही पोटात जाणार आहे. ती तपासणी वेगळी, ती टाळून वाण बाहेर काढायचा नाही.

टिकेल किती वर्षं हेही विचारशील. सोयाबीनचा मावा अमेरिकेत २००० मध्ये पहिल्यांदा सापडला. त्याच्यावर रॅग-१ हे जनुक हाती लागलं, सातव्या गुणसूत्रावर. वाण शेतात नीट पसरायच्या आधीच, २००८ मध्ये, रॅग-१ ला न जुमानणारा मावा ओहायोतून नोंदवला गेला. मग तेराव्या गुणसूत्रावरचं रॅग-२ शोधून दोन्ही एकत्र घालायची धडपड सुरू झाली. गोदामातला भुंगेरा वर्षाला कितीतरी पिढ्या काढतो, तेव्हा त्याला एकाच कुलपाची सवय व्हायला वेळ लागणार नाही अशी मला भीती वाटते. तुझ्या पुढच्या कामात दोन वेगळे दाते ठेव.

प्रबंधात लिहिताना पहिला ट्रे लपवू नकोस. "निवड असलेल्या चाचणीत एलओडी ३.१, निवड नसलेल्या चाचणीत इतकं," असा तक्ता शेजारी शेजारी दे. परीक्षकाला तो तुझ्या शिखरापेक्षा जास्त आवडेल, निदान मला आवडला असता.

रविवारी सकाळी ये. दहा वाजेपर्यंत खिडकीतून तिरपा उजेड येतो, अंडी बघायला तो बरा. दोन्ही आई-बापांचे दाणे, वहीतली कच्ची नोंद आणि काळा कागद आण, भिंग माझ्याकडे आहे. भुंगेऱ्यांची बरणी आणलीस तर झाकणावर दोन पदरी मलमल बांधून आण. मागे एकीने एकपदरी आणली होती, आणि आमच्या घरचे सोललेले वाल दोन महिने उन्हात घालावे लागले.